शंभरपट भाडं

आमच्या गिरगावातल्या खोलीचं भाडं महिना 28 रुपये होतं. दहा तारखेच्या आसपास मालकाचा मेहता चाळीत यायचा, जिन्याखाली लाकडी पेटीवर बसायचा आणि एकेका बिऱ्हाडातून कुणीतरी खाली जाऊन पैसे भरून पावती घेऊन वर यायचं. पावती हातात आली की माझे वडील, अण्णा, ती आधी उजेडात धरायचे. नाव, महिना, सही बघायचे आणि मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. डब्यात तळाशी आजोबांच्या नावाच्या पावत्या होत्या, वर अण्णांच्या. त्या खोलीत आमच्या तीन पिढ्या राहिल्या, पण घर आपलं म्हणण्याचा पुरावा म्हणून आमच्याकडे तो डबाच होता.

1987 च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चाळीची सभा भरली. बायका दारांच्या उंबऱ्यावर बसल्या, आम्ही मुलं कठड्याला टेकून उभे. तळमजल्यावरचे एक निवृत्त कारकून काका हातात टंकलिखित कागद घेऊन उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की सरकारने आदल्या वर्षी म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कायद्यात एक नवं प्रकरण घातलंय. चाळीतल्या शंभरातल्या सत्तर बिऱ्हाडांनी मिळून सहकारी संस्था केली आणि दुरुस्ती मंडळाकडे अर्ज दिला, तर सरकार मालकाकडून इमारत जमिनीसकट संपादन करून त्या संस्थेला देऊ शकतं. मोबदला किती? महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट.

आकडा पाठ करायला कुणाला वेळ लागला नाही. 28 गुणिले 100, म्हणजे 2,800. बिऱ्हाडं 40. सगळ्यांचं भाडं सारखंच धरलं तर अख्खी चाळ, तिच्याखालची जमीन, मागचं अंगण आणि विहीर मिळून 1 लाख 12 हजार रुपये. सभा संपल्यावर मी अण्णांना विचारलं, "म्हणजे घर आपलं होणार?" अण्णा म्हणाले, "घर आपलंच आहे रे. आता कागदही आपला होईल."

एकतीस बिऱ्हाडांनी सह्या केल्या. लागत होत्या अठ्ठावीस. आईने भिशीचे पैसे वेगळे काढून ठेवले. अण्णा 2006 साली गेले, तोपर्यंत कागद आमचा झाला नव्हता. आजही झालेला नाही. ही गोष्ट आमच्या एका खोलीची असती तर मी ती घरातच ठेवली असती. पण दक्षिण मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत हजारो इमारतींमधल्या माणसांनी हा हिशेब कधी ना कधी मांडलेला आहे. भाड्याचं घर मोठी रक्कम हातात नसताना विकत घेण्याचा इतका सोपा हक्क या देशात क्वचितच कुणाला लिहून मिळाला असेल. तो हक्क कागदावरच का राहिला, हे शोधण्यासाठी गेलं वर्षभर मी वकील, चाळींचे सेक्रेटरी, दोन-तीन घरमालक आणि म्हाडात नोकरी केलेली माणसं यांच्याकडे बसलो.

सुरुवात 1918 पासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसं वाढली, बांधकाम थांबलं, भाडी भडकली आणि सरकारने भाड्यांवर पहिला लगाम घातला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. मग 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवलं. कायदा तात्पुरता होता. तो पुन्हा पुन्हा वाढवत तब्बल अर्धशतक चालवला गेला. या काळात सोनं, तांदूळ, गिरणीतला पगार, सगळं बदललं. पावतीवरचा आकडा तेवढा तसाच राहिला. मला या कायद्याबद्दल कृतज्ञता आहे. तो नसता तर माझ्यासारखा छापखान्यातल्या कामगाराचा मुलगा गिरगावात शिकला नसता. पण भाडं गोठलं तशी डागडुजीही गोठली. मालक म्हणायचा, 28 रुपयांत काय होतं? भाडेकरू म्हणायचा, मालकी तुमची, छप्पर तुम्ही बघा. दोघांच्या मध्ये भिंत गळत राहिली.

इमारती पडायला लागल्यावर 1969 साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. त्यावरून 'उपकरप्राप्त' हा शब्द आला. त्या वेळी अशा 19,642 इमारती होत्या. त्यांतल्या 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 च्या आधीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. आपण उपकर भरतो म्हणून सरकार दुरुस्ती करेल, हा भाडेकरूचा विश्वास तिथून सुरू झाला. लाकडी तुळया काढून लोखंडी घातल्या गेल्या, जिन्यांना टेकू लागले. पण शंभर वर्षांच्या इमारतीची दुरुस्ती किती वेळा करणार? कधीतरी ती पाडून नवी बांधावी लागते, आणि तिथे प्रश्न येतो मालकीचा. 1986 चं ते नवं प्रकरण, आठ-अ, या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलं होतं.

या सगळ्याबरोबर पागडी समजून घ्यायला हवी, कारण मुंबईबाहेरच्या वाचकाला ती नेहमी कोड्यात टाकते. खोली रिकामी झाली की मालक नव्या भाडेकरूकडून एकदाच मोठी रक्कम घ्यायचा आणि पावती त्याच्या नावाने करून द्यायचा. जुना भाडेकरू खोली सोडताना त्यातला मोठा वाटा घेऊन जायचा. 1947 च्या कायद्याने हे गुन्हा ठरवलं होतं, तरी सगळी मुंबई त्यावर चालत होती. 31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला, त्याच्या कलम 56 ने हा व्यवहार वैध केला. रिवाजाने मालकाला साधारण एक तृतीयांश आणि भाडेकरूला दोन तृतीयांश मिळतात. म्हणजे बाजाराने दोघांचा हिस्सा आपापसात ठरवून टाकला आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पागडीची खोली घेणाऱ्याला बँक गृहकर्ज देत नाही. पावती म्हणजे मालकीहक्काचा दस्त नव्हे, त्यामुळे तारण ठेवायला काहीच नाही. खोली घ्यायची तर सगळी रक्कम स्वतःची हवी. मालकी हक्काचा फ्लॅट घ्यायचा म्हटलं तरी वाट सोपी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्केच कर्ज मिळू शकतं. एक कोटीचं घर घेणाऱ्याला 25 लाख पदरचे घालावे लागतात. वर मुंबईत 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी, म्हणजे 31 लाखांच्या पुढे. घर बाईच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. भाड्याच्या खोलीत राहून महिन्याला हप्ता भरण्याची ऐपत असलेली शेकडो कुटुंबं मला माहीत आहेत. ती अडतात ती या 31 लाखांवर. गिरगावातून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेली आमची अर्धी चाळ याच आकड्याने गेली.

मग 2,800 रुपयांत घर मिळत असताना अडलं कुठे?

मालक न्यायालयात गेले. मुंबईतल्या घरमालकांच्या संघटनेने, प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनने, प्रकरण आठ-अ ला आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 1991 रोजी त्यांची याचिका फेटाळली. चाळीत पेढे वाटले गेल्याचं मला आठवतं. संघटना 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथून पुढचा प्रवास पायऱ्यांचा आहे. तीन न्यायमूर्तींनी प्रकरण पाच जणांकडे पाठवलं, 2001 मध्ये पाच जणांनी सातांकडे, 2002 मध्ये सातांनी नऊ जणांकडे. त्यानंतर बावीस वर्षं नऊ न्यायमूर्तींचं पीठ या प्रश्नावर सुनावणीला बसलं नाही.

प्रश्न चाळीपेक्षा फार मोठा झाला होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 39 (ख) मध्ये म्हटलंय की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक ठरेल असं वाटलं जावं. म्हाडा कायदा या अनुच्छेदाच्या अंमलबजावणीसाठी आहे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मग कुणाची खाजगी इमारत ही 'समाजाची साधनसंपत्ती' आहे का? 1977 मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी एका निकालातल्या आपल्या स्वतंत्र मतात म्हटलं होतं की आहे, सगळीच खाजगी मालमत्ता त्यात येते. पुढच्या निकालांनी ते मत उचलून धरलं.

5 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसह सात न्यायमूर्तींच्या वतीने लिहिलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. काही ठरू शकते, पण त्यासाठी तिचं स्वरूप, तिची टंचाई, समाजावर होणारा परिणाम आणि ती मोजक्या हातांत राहिल्याचे परिणाम बघावे लागतील. न्या. नागरत्ना काही अंशी सहमत होत्या, न्या. सुधांशु धुलिया यांनी विरोधी मत नोंदवलं. घटनेचा अर्थ लावला गेला. आमच्या चाळीचा प्रश्न, म्हणजे शंभरपट भाड्यात इमारत घेता येते की नाही, हा मात्र नेहमीच्या पीठाकडे ठेवला गेला. सह्या करणाऱ्या एकतीसपैकी चौघे त्या दिवशी हयात होते. त्यांच्यातल्या एका आजींना मी निकाल समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग पैसे कुठे भरायचे?"

मी भाडेकरूचा मुलगा आहे. तरीही हे लिहिणं मला भाग आहे: त्या शंभरपटीनेच आमचा घात केला.

काळबादेवीतल्या एका वृद्ध मालकाकडे मी बसलो होतो. त्यांच्या वडिलांनी कर्ज काढून तीन मजल्यांची इमारत बांधली होती. भाडेकरू चोवीस. सगळं भाडं मिळून महिन्याला जे येतं त्यात प्लंबरला दोनदा बोलावणंही होत नाही. त्यांनी मला विचारलं, "माझ्या जागी तुमचे वडील असते तर त्यांनी सही केली असती का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानेही 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली होती. जुन्या कायद्याची मुदत संपत आली होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून तेवढी ती रद्द केली नाही. नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. त्या दराने आमचे 28 रुपये चोवीस वर्षांनी जेमतेम 72 होतात. आधी भाडं कायद्याने गोठवायचं आणि मग त्याच गोठवलेल्या भाड्याच्या पटीत किंमत ठरवायची, यात मालकावर दुहेरी अन्याय होता. त्याने लढणं स्वाभाविक होतं आणि लढायला त्याच्याकडे वेळ होता. भाडेकरूकडे फक्त इमारत होती आणि ती दर पावसाळ्यात थोडी थोडी खचत होती. किंमत थोडी वाजवी असती आणि हप्त्यांनी भरता आली असती, तर 1990 च्या दशकात अनेक चाळींनी आपली मालकी घेतली असती असं माझं ठाम मत आहे. घर फुकटाच्या भावात देऊ करणाऱ्या कायद्याने ते कुणालाच मिळू दिलं नाही.

या दरम्यान दुसरी वाट उघडली. विकास नियंत्रण नियमावलीच्या 33 (7) खाली बिल्डर इमारत पाडून नवी बांधतो, जुन्या रहिवाशांना मालकी हक्काने विनामूल्य घर देतो आणि वाढीव चटईक्षेत्र विकून पैसे काढतो. घराचं किमान क्षेत्रफळ आधी 225 चौरस फूट होतं, पुढे 300 झालं. पूर्वी 70 टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता 51 टक्के पुरते. फुकट आणि मोठं घर मिळत असताना 2,800 रुपये तरी का भरा? चाळीचाळींत हाच विचार झाला आणि लोक बिल्डरची वाट बघत बसले. मोठ्या भूखंडावरच्या चाळींना बिल्डर मिळाले. काहींचे टॉवर उभे राहिले. काहींची इमारत पाडली गेली, बिल्डरने दिलेलं पर्यायी जागेचं भाडं वर्षभरात थांबलं आणि कुटुंबं कुठल्या कुठे फेकली गेली. संक्रमण शिबिरात लग्न होऊन गेलेल्या मुली आता आजी झाल्या आहेत. अरुंद गल्लीतल्या, दोनशे-अडीचशे चौरस मीटरच्या भूखंडावरच्या इमारतींकडे तर कुणी फिरकलंच नाही. तिथे नव्या इमारतीत विकायला काही उरत नाही.

31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, 33 माणसं गेली. 16 जुलै 2019 रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. बरोबर एक वर्षाने, 16 जुलै 2020 रोजी, फोर्टमध्ये भानुशाली इमारत पडली. यानंतर म्हाडा कायद्यात कलम 79-अ आलं. विधिमंडळाने ते 2020 मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती 2022 च्या डिसेंबरात मिळाली. धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तेही जमलं नाही तर म्हाडा स्वतः. मालकाचा मोबदला जमिनीच्या रेडी रेकनर दराच्या 25 टक्के किंवा विक्रीच्या बांधकामाच्या 15 टक्के, यांतला जो जास्त तो. या वाटेवर शंभरपट भाड्याच्या जागी वाजवीच्या जवळ जाणारा आकडा आला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. अंमलबजावणी मात्र पुन्हा कोर्टात अडकली. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हाडाच्या नोटिसांच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. आणि भाडेकरूंच्या संस्थेला दिलेल्या सहा महिन्यांत वास्तुविशारद, परवानग्या आणि बांधकामाचे कोट्यवधी रुपये कुठून आणायचे, याचं उत्तर त्या कलमात नाही. संस्थेच्या नावावर जमीन नाही, तोवर बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही, तोवर जमीन नावावर होत नाही.

सरकार स्वतः घरमालक असतं तेव्हा काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या 207 बीडीडी चाळी गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सुरू झालेल्या डेव्हलपमेंट खात्याने 1920 च्या दशकात बांधल्या. एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. इथल्या भाडेकरूंना 500 चौरस फुटांचं घर मालकी हक्काने विनामूल्य द्यायचं ठरलं आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. त्याच चाळींत सेवानिवासस्थान म्हणून राहणाऱ्या सव्वादोन हजारांच्या आसपास पोलीस कुटुंबांना मात्र घर विकत घ्यायचं होतं. किंमत आधी 50 लाख सांगितली गेली. हवालदाराला ती परवडणार नव्हती. ओरड झाली, आकडा 25 लाखांवर आला आणि 2022 मध्ये 15 लाखांवर. 15 लाखांवर बँक 90 टक्के कर्ज देऊ शकते. म्हणजे दीड लाख हातात असलेला हवालदार वरळीत घराचा मालक होऊ शकतो. किंमत पेलवेल अशी ठरवली आणि नावावर कागद केला की भाडेकरू घर विकत घेतो, हे यातून स्पष्ट दिसतं.

हाच न्याय खाजगी चाळींना का लावू नये? पागडीच्या बाजाराने मालकाचा हिस्सा एक तृतीयांश ठरवलेलाच आहे. 60 लाखांच्या पागडीच्या खोलीत तो 20 लाख होतो. हे 20 लाख भाडेकरूने एकदम द्यावेत अशी अपेक्षा केली तर पुन्हा तीच भिंत. पण ते साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता 17 हजार 400 च्या आसपास येतो. मालकाला त्याचे पैसे पहिल्याच दिवशी मिळतील, भाडेकरूला मालकीचा दस्त. यासाठी सरकारने दोन गोष्टी करायला हव्यात: भाडेकरूंच्या संस्थेला असं कर्ज मिळावं म्हणून हमी द्यावी आणि खरेदीच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क माफ करावं. ज्या विधवेला, ज्या निवृत्त गिरणी कामगाराला 17 हजारही झेपणार नाहीत, त्यांचा हिस्सा संस्थेने वाढीव बांधकामातून भरावा. एखाद्या चाळीत अशी दोन-चार घरं असतात, सगळी नसतात. यात बिल्डर आलाच पाहिजे असं नाही. तीन मजल्यांची इमारत आहे तेवढीच पुन्हा उभी करायला टॉवरची गरज लागत नाही.

हे मी मांडलं तेव्हा म्हाडातून निवृत्त झालेले एक अभियंता म्हणाले की भाडेकरू आता पैसे भरायला तयार होणार नाही, त्याला फुकट घराची सवय लागली आहे. मला तसं वाटत नाही. गेल्या दिवाळीत मी आमच्या चाळीत गेलो होतो. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली आता लोखंडी टेकू आहेत, रांगोळ्या त्यांच्या मधून काढलेल्या होत्या. माझा पुतण्या तिथेच राहतो, कुर्ल्याला बँकेत आहे. तो म्हणाला, "काका, हप्ता भरतो मी. मला फक्त कुणीतरी सांगा, कुणाला भरू."

ज्या वाचकांच्या घरी अशी खोली असेल त्यांना माझी एक विनंती आहे. पावती कुणाच्या नावावर आहे ते आज बघा. भाडेकरू गेल्यावर त्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळतं, पण कुटुंबात एकमत नसेल तर ते न्यायालयाला ठरवावं लागतं, आणि त्या वर्षांत संस्थेच्या अर्जावरची त्या घराची सही वादात सापडू शकते. जुन्या पावत्या, रेशनकार्ड, विजेची बिलं एकत्र ठेवा. चाळीची संस्था नोंदवलेली नसेल तर नोंदवून घ्या, मालकाशी बोला आणि त्याचा रास्त हिस्सा मान्य करून बोला. आमच्या चाळीची नवी संस्था आम्ही या वर्षी नोंदवायला दिली आहे. चाळीसपैकी छत्तीस घरांच्या सह्या झाल्या आहेत.